टिन कॅथीड्रलची शेवटची टूर

इंद्रजीतचा फोन आला तेव्हा अक्षता ओव्हाळ कर्वेनगरच्या आपल्या क्लासमध्ये ड्रमचे स्क्रू आवळत होती. इंद्रजीत शहरात कार्यक्रम भरवायचा. कंपन्यांच्या पार्ट्या, लग्नातलं संगीत आणि वर्षाकाठी एखादा परदेशी बँड. गेली सहा वर्षं अक्षता त्याच्या कार्यक्रमांत ड्रम वाजवत होती आणि गेली सहा वर्षं तो तिला 'ए ड्रमवाली' अशीच हाक मारत होता.

"शनिवारी मोकळी आहेस ना? टिन कॅथीड्रलचा ड्रमर बंगलोरला आडवा झालाय. डेंगी. त्यांना इथला कुणीतरी पाहिजे, एका शोपुरता."

अक्षताच्या हातातली किल्ली खाली पडली.

"हॅलो? ऐकलंयस का कधी त्यांचं काही? म्हातारा बँड आहे गं, इंग्लंडचा. तुझ्या वयाच्या कुणाला माहीत असण्याचं कारण नाही."

"ऐकलंय," ती म्हणाली. "येते मी."

ऐकलंय म्हणजे काय, तिला चालायला यायच्या आधीपासून ते घरात वाजत होतं. तिचे वडील समाधान ओव्हाळ टेलिफोन खात्यात लाइनमन होते. १९८२ साली, नोकरी लागली त्याच वर्षी, त्यांनी जुन्या बाजारात जमिनीवर मांडलेल्या ढिगातून एक रेकॉर्ड उचलली होती. कोरेगाव पार्कातल्या आश्रमातले गोरे साधक परत जाताना आपल्याकडच्या रेकॉर्डी विकून जात, त्यातलीच ती. कव्हरवर पाण्यातून वर आलेला चर्चचा मनोरा होता. समाधानरावांकडे तेव्हा प्लेअरसुद्धा नव्हता. तो त्यांनी चार महिन्यांनी घेतला, आणि तोवर रेकॉर्ड कपाटात कपड्यांवर ठेवून दिली.

त्या रेकॉर्डची एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं होतं, 'ड्राउन्ड पॅरिश'. धरणासाठी बुडवलेल्या एका इंग्रजी गावाचं. सुरुवातीला पाण्याखाली घंटा वाजते, मग ऑर्गन येतो, मग ड्रम. तेव्हा समाधानरावांना इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण कव्हरवरचा मनोरा आणि ती घंटा त्यांना बरोबर कळली. त्यांच्या आईचं माहेर खडकवासल्याच्या वरच्या अंगाला धरणात गेलं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती माउली काठावर जाऊन बसायची आणि चिखलात बोट दाखवून म्हणायची, इथं आमची विहीर. समाधानरावांनी त्या गाण्याचं नाव ठेवलं 'बुडालेलं गाव', आणि घरात सगळे त्याला तेच म्हणत.

बँडची सगळी कथा ते अक्षताला जेवताना सांगायचे. कॉव्हेंट्रीतली पाच पोरं, एक मोटारीच्या कारखान्यातला, दोन चित्रकलेच्या शाळेतले. एकोणसत्तर साली गट झाला. दोन रेकॉर्डी अशा काढल्या की समीक्षकांनी डोक्यावर घेतल्या आणि दुकानदारांनी परत पाठवल्या. मग कंपनी म्हणाली, वीस वीस मिनिटांची गाणी पुरे, आता चकाका. मग आले चंदेरी बूट, गालांवर चमकी, पिसांचे कोट आणि तीन तीन मिनिटांची गाणी. ती धो धो खपली. "पण पप्पा, मग चांगलं झालं ना?" छोटी अक्षता विचारायची. "पैसा झाला," समाधानराव म्हणायचे. "पण बघ, चमकी लावली तरी ड्रम कोण वाजवत होता? तोच, बुडालेल्या गावातला. ते कसं लपवणार?" पुढे ऑर्गनवाला गेला, गिटारवाला आणि गायक डेरेक पेल नावासाठी कोर्टात भांडले, काही वर्षं तर एकाच नावाचे दोन बँड इंग्लंडभर फिरत होते. आता जुन्यांपैकी एकटा डेरेक उरला होता. बाकीची भाड्याची पोरं.

अक्षता ड्रम शिकली ती त्या गाण्यामुळे. तेराव्या वर्षी. सोसायटीतल्यांनी तक्रार केली म्हणून घरी रबराच्या पॅडवर, आणि खऱ्या ड्रमवर रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये.

घरी जाऊन तिने सांगितलं तेव्हा समाधानराव टीव्हीसमोर बसले होते. उठले, टीव्ही बंद केला आणि आत जाऊन रेकॉर्ड घेऊन आले.

"लागतोय वाटतं आता दिवसरात्र भोंगा," तिची आई, ललिताताई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींना स्वतः जाऊन सांगितलं, तीन दिवस आमच्याकडे आवाज होणार, आपण जरा सहन करा. आणि कारणही सांगितलं. त्यामुळे गुरुवारपर्यंत अख्ख्या सोसायटीला माहीत झालं की ओव्हाळांची मुलगी इंग्लंडच्या बँडमध्ये वाजवणार आहे. तळमजल्यावरचे निवृत्त मेजर तर जिना चढून हात मिळवायला आले.

ते तीन दिवस अक्षता झोपेतही मोजत होती. बुडालेल्या गावाचा मधला भाग सात मात्रांच्या ठेक्यात जातो, आणि शेवटी तो सात हळूहळू मोडत मोडत पाचावर येतो, जणू पाणी चढतंय. समाधानराव खुर्चीत बसून मांडीवर बोटांनी मोजायचे आणि ती चुकली की नुसती भुवई उचलायचे.

शनिवारी दुपारी ती मुंढव्याच्या मैदानावर पोचली. स्टेज उभं होतं, मागे पडद्यावर तो पाण्यातला मनोरा. ड्रम मांडलेले होते, जुन्या फोटोंत असायचे तसेच, दोन मोठे बास ड्रम आणि बाजूला टांगलेली पितळी घंटा. ती जवळ गेली आणि थांबली.

प्रत्येक ड्रमवर काळं रबर बसवलेलं होतं. झांजा प्लास्टिकच्या होत्या, वरून सोनेरी रंग दिलेल्या. तिने घंटेला नख मारलं. तीही फायबरची निघाली.

"तन्वीरभाई, हे काय आहे?"

साउंडचं काम तन्वीर बागवानकडे होतं. भवानी पेठेतला, वडिलांच्या काळापासून मंडपवाल्यांना स्पीकर भाड्याने देणारा माणूस. अक्षता त्याला पहिल्या कार्यक्रमापासून ओळखत होती. तो वायर गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"तुला सांगितलं नाही का इंद्रजीतने?"

"काय सांगायचं होतं?"

"सगळं लॅपटॉपवर आहे. ड्रम, बास, ऑर्गन. त्या म्हाताऱ्याचा आवाजपण. तुझे माइक शोभेचे आहेत, बघ, वायरच नाही त्यांना."

तिने पाहिलं. वायर नव्हती.

इंद्रजीत ग्रीनरूममध्ये बँडच्या गोऱ्या मॅनेजरबरोबर बसला होता. टेबलावर समोसे होते. अक्षता आत गेली आणि दार उघडं टाकून उभी राहिली.

"मी इथे वाजवायला आलेय की नाचायला?"

"आली का. बस. समोसा घे."

"इंद्रजीत, ड्रमवर रबर आहे."

"मग? घरी रबरावरच वाजवतेस ना तू? सवय आहे तुला." तो हसला. मॅनेजर पण हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. "अगं, सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस आहे तो. त्याला नाही होत आता. जगभर असंच करतात. तू फक्त हात हलव, जॅकेट घाल, गालाला चमकी लाव. लोक बियर प्यायला येतायत, सात मोजायला नाही."

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?" तो सरळ म्हणाला. मग मॅनेजरकडे वळून इंग्रजीत समजूत घालावी तसं म्हणाला, "काळजी करू नका, ही उत्तम दिसेल. तिच्या समाजाच्या रक्तातच ढोल आहे. पिढ्यान्‌पिढ्या."

अक्षताच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी गावकीची सगळी कामं टाकून दिली होती. गावाने वाळीत टाकलं, तरी परत धरली नाहीत. तिच्या रक्तात कुणी काही घातलेलं नव्हतं. जे होतं ते पंधरा वर्षं मनगटं सुजेपर्यंत तिने स्वतः घातलं होतं.

"रक्तात नाही," ती इंग्रजीतच म्हणाली, दोघांना कळेल असं. "हातात आहे. आणि ते तुम्हाला नकोय."

ती बाहेर पडली. बाहेर डेरेक पेल खुर्चीत बसला होता. एक बाई त्याच्या डोळ्यांना काजळ लावत होती. अक्षताने तो चेहरा लहानपणापासून पाहिला होता, फक्त त्यावर आता कातडी सैल झाली होती. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिला जे सांगायचं होतं ते एका दमात सांगितलं, की तिने 'ड्राउन्ड पॅरिश' पूर्ण बसवलंय, तेवढं एक गाणं खरं वाजवू द्या, बाकी कार्यक्रमात म्हणाल तसं करते. त्याने डोळे मिटलेलेच ठेवले. काजळ ओलं होतं.

"छान हसत राहा बाळ," तो म्हणाला. "समोरून लाइट येतो, दात चांगले दिसतात."

ती घरी जायला निघालीच होती. बॅग खांद्याला लावली, हेल्मेट घेतलं. तेवढ्यात मागच्या गेटवर समाधानराव दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि हातात पिशवी. पिशवीत काय होतं हे विचारायची गरज नव्हती.

तिने त्यांना बाजूला, जनरेटरच्या आडोशाला नेलं आणि सगळं सांगितलं. रबर, प्लास्टिक, लॅपटॉप. रक्ताचंही सांगितलं. तिला वाटलं, पप्पा म्हणतील, चल घरी. ती त्या दोन शब्दांची वाट बघत होती.

समाधानरावांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"त्याला गाताच येत नाही आता?"

"नाही."

"एक पण गाणं?"

"पप्पा, घंटासुद्धा खोटी आहे."

"म्हातारा झालाय गं तो." ते म्हणाले. "एवढ्या लांब आलाय. तू पण ना... तासाभराचा प्रश्न आहे. हलव ना हात. मी तिथे बसून डोळे मिटून ऐकेन. मला तू दिसलीस म्हणजे झालं."

"काय बोलताय तुम्ही?"

"मेजरसाहेब आलेत. तुझ्या आईने सोसायटीतल्या चौघांची तिकिटं काढलीत. लोकांना काय सांगायचं आपण?"

अक्षताला इंद्रजीतचा आला नव्हता एवढा राग त्या क्षणी बापाचा आला. भुवई उचलून मोजायला शिकवणारा हाच का तो माणूस, असं तिला झालं. तिने हेल्मेट त्यांच्या हातात दिलं आणि परत आत गेली. जॅकेट घातलं. चमकी मात्र लावून घेतली नाही.

ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. मैदान निम्मं भरलं होतं. पहिली चार गाणी चमकीच्या काळातली, लोकांच्या ओळखीची. अक्षता हात हलवत होती. काठी रबरावर पडली की ठप्प असा मेलेला आवाज यायचा, आणि त्याच क्षणी समोरच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसाचा ड्रम कडाडायचा. लोक टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेतला एक जण तिच्याकडे बघून हवेत ड्रम वाजवत होता. म्हणजे मैदानात आता दोघं तेच करत होती, तो आणि ती. डेरेक माइक तोंडाशी धरून ओठ हलवत होता, आणि त्याचा पंचविशीतला आवाज मुंढव्यावर पसरत होता. तिसऱ्या रांगेत समाधानराव बसले होते. डोळे मिटून.

ते मिटलेले डोळे तिला सहन झाले नाहीत.

पाचवं गाणं 'ड्राउन्ड पॅरिश' होतं. बावीस मिनिटांचं कापून नऊ मिनिटांचं केलेलं. घंटा वाजली, ऑर्गन आला. ड्रम यायच्या आधी जी मोकळी जागा आहे तिच्यात अक्षताने हात घातला आणि समोरच्या स्नेअर ड्रमवरचं रबर उपटलं. मग त्याच्या वरच्या टॉम ड्रमवरचं. मग दुसऱ्या टॉमवरचं. रबराचं एक चाक गडगडत डेरेकच्या पायापर्यंत गेलं. आणि तिने वाजवायला सुरुवात केली.

ते सुंदर वगैरे काही झालं नाही. तिच्या कानात ठेका द्यायला काही नव्हतं. स्पीकरमधला ड्रमर आपल्या वेगाने जात होता, ती आपल्या. दोघं एकत्र आली, सुटली, परत एकमेकांवर आदळली. पुढच्या काही रांगांना कळलं की काहीतरी बिघडलंय. गिटारवाला पोरगा मागे वळून बघायला लागला. डेरेकही वळला. काजळाखालचे त्याचे डोळे तिला पहिल्यांदा उघडे दिसले. त्याने बँडच्या लॅपटॉपवाल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवला. ह्या मुलीला थांबवा, असं त्याला म्हणायचं होतं. लॅपटॉपवाल्याला वाटलं, गाणं थांबव म्हणतोय. त्याने बटण दाबलं.

सगळं गेलं. ऑर्गन, बास, पन्नास वर्षांपूर्वीचा ड्रमर. डेरेक पुन्हा लोकांकडे वळून माइकवर ओठ हलवायला लागला होता, आणि त्याच्या तोंडातून काहीही येत नव्हतं.

अक्षता मात्र थांबली नाही. माइकविना तिचा आवाज किती जाणार, पंचवीस रांगा फार तर. पण तेवढ्यांना ऐकू गेला. आता भांडायला कुणी नव्हतं आणि सात आपसूक बसला. तो तिने मोडायला घेतला, जसा तीन दिवस मोडला होता. कुणीतरी हसलं. मागून शिट्ट्या आल्या. "अरे आवाज!" कुणी ओरडलं. काही जण टाळ्यांनी साथ देऊ बघत होते आणि सातात चुकत होते. ती पाचापर्यंत पोचली तेव्हा इंद्रजीतची दोन माणसं तिच्या दोन्ही बाजूंना उभी होती. तिने शेवटचा ठोका मारला आणि काठ्या खाली ठेवल्या.

"तांत्रिक बिघाडामुळे दहा मिनिटांचा ब्रेक," इंद्रजीत माइकवर सांगत होता.

स्टेजमागे तो तिच्यावर धावून आला. "या शहरात परत काम मिळणार नाही तुला. कळतंय का काय केलंयस?"

"हात हलवले," अक्षता म्हणाली.

तन्वीर मध्ये येऊन उभा राहिला. तिथून हलला नाही, आणि इंद्रजीत शिव्या घालत निघून गेला.

ती गेटकडे निघाली तेव्हा समाधानराव समोरून आले. त्यांच्या हातात तिचं हेल्मेट होतं. दोघं निघणार इतक्यात मागे घंटा वाजली. ब्रेक संपला होता. लॅपटॉपवाल्याने गाणं पहिल्यापासून लावलं होतं. अक्षताने वळून पाहिलं. ड्रमवर कुणीही नव्हतं. रिकामं स्टूल, शेजारी रबराची चाकं, आणि स्पीकरमधून ड्रम कडाडत होते. थोडे लोक हसत होते, मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. काही उठून गेले होते. पण बाकीचे, निम्म्याहून जास्त, हातात ग्लास घेऊन मजेत डोलत होते.

"बघा," ती म्हणाली. "माझी गरजच नव्हती."

समाधानराव हलले नाहीत. "तू हो पुढे," ते म्हणाले. "मी हे ऐकून येतो."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "एवढं झाल्यावर?"

"हो."

तिने त्यांच्या हातातून हेल्मेट ओढून घेतलं आणि एकटीच पार्किंगमध्ये गेली. गाडी सुरू केली, बंद केली. बापाला तिथेच टाकून जावं असं खरोखर तिच्या मनात होतं. रिक्षाने येतील, नाहीतर त्यांच्या मेजरसाहेबांबरोबर. तिथे उभी राहून तिने नऊच्या नऊ मिनिटं ते गाणं ऐकलं, आणि त्यातला प्रत्येक ठोका तिला शिवी दिल्यासारखा लागला.

समाधानराव आले आणि मागे बसले. मगरपट्ट्याच्या सिग्नलला गाडी थांबली. लाल दिवा मोठा होता.

"मला राग आला नाही असं वाटतंय तुला," ते म्हणाले.

"तुम्ही मला हात हलवायला सांगितलंत, पप्पा."

"सांगितलं. चुकलं." मागून हॉर्न वाजत होते, म्हणून ते जरा मोठ्याने बोलत होते. "पण परत थांबलो ते त्याच्यासाठी नाही. मला बघायचं होतं. सगळ्यांसमोर उघडा पडला, आता तरी एक ओळ स्वतः म्हणेल. फाटका का असेना आवाज. शेवटची ओळ तरी."

"म्हटली?"

"नाही. पुन्हा नुसते ओठ हलवले. एवढं सगळं होऊनसुद्धा." त्यांचा आवाज चिरका झाला होता. तो असा तिने कधी ऐकला नव्हता. "अगं, पंचेचाळीस वर्षं मी त्या माणसाला..."

सिग्नल सुटला.

मोबाइलवरच्या त्या चित्रफिती आठवडाभर फिरल्या. निम्म्या लोकांनी अक्षताला शाबासकी दिली, निम्म्यांनी लिहिलं की पोरीला प्रसिद्धी हवी होती, पाहुण्यांचा अपमान केला, पुण्याचं नाव घालवलं. बँड ठरल्याप्रमाणे पुढच्या शहरात गेला आणि तिथे त्यांनी ड्रमर आणलाच नाही. ड्रम तेवढे मांडले. इंद्रजीतने आपला शब्द खरा केला. दिवाळीनंतरच्या लग्नसराईत अक्षताला एकही फोन आला नाही. क्लासच्या फीवर घर चालत नव्हतं, तेव्हा तिने एका शाळेत सकाळची नोकरी धरली. शाळेच्या बँडला संचलनाचे ठेके शिकवायचे. काम कंटाळवाणं होतं, पण ड्रमला कातडं होतं.

राग काही उतरला नाही. भाजी चिरताना, गाडी चालवताना, मध्येच तिला ते काजळ आठवायचं आणि ती स्वतःशीच मोठ्याने काहीतरी बोलायची. ललिताताई म्हणायच्या, "झालं का परत सुरू? त्याला तिकडे कॉव्हेंट्रीत उचकी लागत असेल."

पण एका रविवारी समाधानराव तिच्याबरोबर कॉलेजच्या हॉलमध्ये आले. बोलावलं नव्हतं, आपले आपणच आले. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यासमोर बसले.

"पूर्ण वाजव," ते म्हणाले. "बावीसच्या बावीस मिनिटं. कापायचं नाही."

"नुसते ड्रम? बाकी काही नाही त्यात, पप्पा. कळणार काय तुम्हाला?"

"चालव तू."

अक्षताने काठ्या उचलल्या. ती अजून त्यांच्यावर चिडलेलीच होती, आणि सुरुवात जरा जोरातच झाली. चौथ्या आवर्तनात ती घाईत पुढे गेली. समाधानरावांनी भुवई उचलली नाही. ते खुर्चीतून पुढे वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "चुकलीस. पहिल्यापासून."

तिने दात आवळले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.